तुऱ्याचं नाणं

राजवर्धनवर सूड उगवायचं मी ठरवलं तेव्हा माझी सत्तरी उलटली होती. तोवर मी कुणाशी चढ्या आवाजात भांडलोही नव्हतो, त्यामुळे सूड म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. बारामतीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाचा सूड म्हणजे फार तर उशिरा परत आलेल्या पुस्तकाचा दंड.

मला नाण्यांचा नाद आहे. म्हणजे माझ्याकडे नाणी फारशी नाहीत, नाण्यांवरची पुस्तकं आहेत. त्यातही माझा जीव चाचणीच्या नाण्यांवर. नवं नाणं बाजारात येण्याआधी टाकसाळीत त्याचे मोजके नमुने पाडतात. कुणी सिंह डावीकडे बघणारा करून पाहतं, कुणी अक्षरं जाड करून पाहतं, कुणी धातू बदलतं. वरिष्ठ लोक ते हातात घेतात, उजेडात धरतात, नाकं मुरडतात. एक नमुना पसंत होतो, बाकीचे वितळवतात. वितळायचे चुकून राहिलेले एखाद-दुसरे पुढे संग्राहकांच्या हाती लागतात आणि त्यांना सोन्याहून जास्त किंमत येते. मी अशी नाणी लिलावांच्या सूचीत पाहिली आहेत आणि एकदा पुण्यातल्या प्रदर्शनात काचेपलीकडून. कागदावर उत्तम दिसणारं चित्र धातूत उतरलं की भलतंच दिसू लागतं, आणि ते वेळेवर कळावं म्हणूनच चाचणी असते, एवढं मात्र मी पुस्तकांतून शिकलो होतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या हद्दीवर एक सहकारी साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही. त्याला पन्नास वर्षं होणार होती, आणि पहिल्या वर्षीच्या सभासदांच्या घरी एकेक चांदीचं नाणं द्यायचं संचालकांनी ठरवलं. अध्यक्ष रामहरी आबा हे काटेवाडीचे. ते अधूनमधून ग्रंथालयात शेतीची मासिकं वाचायला येत, तेवढीच आमची ओळख. त्यांनी मला बोलावून विचारलं की नाण्यावर काय असावं. मी दोन दिवस मागून घेतले. खरं तर मला उत्तर तेव्हाच सुचलं होतं, पण सुचलेलं लगेच बोलायची मला भीती वाटते.

माझी पत्नी सुधा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं माहेर कऱ्हाटीचं. माहेरच्या शेतात तोडणी चालली असताना तिने एक चित्र काढलं होतं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रककडे निघालेली बाई, एक हात मोळीला, दुसरा कमरेला, मान ताठ. मोजक्याच रेषा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर काढलेलं ते चित्र आमच्या घरात भिंतीवर होतं. सुधा जाऊन चौथं वर्ष होतं. ते चित्र मी चौकटीतून काढलं, गोल कागदावर बसवून पाहिलं, वर कारखान्याचं नाव आणि खाली सालं मांडली. महिनाभर मी त्याच कामात होतो. आबांना ते एका नजरेत पसंत पडलं.

पुढचं काम उपाध्यक्ष दादासो यांच्या मुलाकडे गेलं. तोच राजवर्धन. त्याची पुण्यात जाहिरातींची कंपनी आहे. मूळ चित्र स्कॅन करायला हवं म्हणून तो स्वतः घरी येऊन घेऊन गेला. जाताना वाकून नमस्कारही केला.

दोन महिन्यांनी समारंभाच्या पुस्तिकेचा मसुदा माझ्या पाहण्यात आला. नाण्याच्या चित्राखाली छापलं होतं, संकल्पना व रेखाटन राजवर्धन. मी कारखान्याच्या कार्यालयात गेलो. जाताना एसटीत मी वाक्यांची उजळणी करत होतो. राजवर्धन तीन-चार कारकुनांसमोर टेबलाच्या कडेवर बसला होता. मी म्हटलं की रेखाटन माझ्या पत्नीचं आहे, तिचं नाव बारीक अक्षरात का होईना, यावं. आणि मूळ चित्र परत मिळावं.

चित्र हरवलं, असं तो म्हणाला. मग कारकुनांकडे बघत म्हणाला, "सर, मोळीवाल्या बायका नेटवर पैशाला पासरी मिळतात. मॅडमनीसुद्धा कुठून तरी बघूनच गिरवलं असणार. शाळेत दुसरं काय शिकवतात?"

एक कारकून हसला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात चहा आला आणि कुणीतरी कप माझ्या हातात दिला. मी तो चहा पूर्ण प्यायलो. त्याला "बरं" म्हणालो आणि बाहेर पडलो. त्या चहाचा मला अजून राग येतो, राजवर्धनपेक्षाही.

त्या दिवसापासून माझं वाचन सुटलं. पान उघडलं की ते वाक्य दिसायचं. सुधाने आयुष्यभर मुलींच्या वह्यांत एकच शेरा दिला होता, गिरवू नकोस, बघ आणि काढ. तिच्यावर गिरवल्याचा आळ आला, आणि त्याला उत्तर म्हणून मी चहा प्यायलो. आबांना सांगावं असं दहादा मनात आलं. पण आबांनी चित्र पाहिलं असलं, तरी ते सुधाने काढलं याचा माझ्याकडे पुरावा नव्हता. शिवाय आबा आणि दादासो यांच्यात आधीच धुसफूस होती. माझ्यामुळे ती वाढेल असं वाटायचं, आणि लगेच असंही वाटायचं की मी स्वतःला उगाच महत्त्व देतोय. एक गोष्ट तेवढी पक्की होती. सुधाचं नाव तिच्या बाईजवळ आलं पाहिजे, आणि राजवर्धनचा तोरा चार लोकांत उतरला पाहिजे. दोन्ही एकदम कसं होईल ते कळत नव्हतं.

दिवाळीनंतर आबांचा ड्रायव्हर घरी आला आणि कापसात गुंडाळलेली एक डबी देऊन गेला. मागोमाग आबांचा फोन.

"सर, चाचणीचं नाणं आलंय. माझं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, डोळ्याला पट्टी हाय, दुसऱ्यानं धड दिसंना. संचालक मंडळाला दावलं तर जो तो आपलं नाव हाय का तेवढंच बघंल. म्हनून कुणाला न सांगता तुमाला धाडलंय. तुमीच माझे डोळे. बरं असंल तर बरं म्हना, दुसऱ्या दिवशी ठशावर काम सुरू हुतंय."

आयुष्यात पहिल्यांदा चाचणीचं नाणं माझ्या हातात होतं, काच मध्ये नव्हती. मी ते खिडकीत नेलं. बाई आली होती. मान, कमरेवरचा हात, सगळं सुधाचंच. मग मी भिंग लावलं.

मोळीच्या वरच्या मोकळ्या जागेत राजवर्धनने भर घातली होती. उसाच्या शेंड्यांतून पिसांसारखे झुपके वर निघून कारखान्याच्या नावाला भिडले होते. मसुद्यात ते मला पानाफुलांची नक्षी वाटले होते, मी तिकडे नीट पाहिलंही नव्हतं. चांदीत ते उठून आले होते. तो तुरा होता. उसाला आलेला तुरा.

मी शेतकरी नाही, म्हणून माझा स्वतःवर विश्वास बसेना. डबी खिशात घालून मी रिक्षाने काटेवाडीच्या रस्त्याला गेलो. कालव्याच्या कडेने उसाचा एक फड उभा होता, लवकर लागणीचा असावा. वर पांढरे तुरे वाऱ्यावर झुलत होते. डाव्या हातात नाणं धरून मी एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहत राहिलो. हुबेहूब. फडाचा मालक मोटरसायकलवरून येऊन थांबला. कुंडलिक त्याचं नाव. माझा एक जुना विद्यार्थी त्याचा भाचा निघाला. मी नाणं मुठीत घेतलं.

"काय बघताय सर? शोभा?"

छान दिसतंय, असं काहीतरी मी म्हणालो.

"दिसंना का. कारखान्यानं शेताला तोरण बांधलंय. तोडणीची टोळी येळेवर आली न्हाय की ह्यो असा डुलतोय. आता आत दशी पडायची, ऊस पोकळ हुयाचा, वजन जायाचं. गेल्या साली बी हीच गत. आमी तुऱ्याकडं बघून पानी पितो."

मग तो थुंकला आणि गाडी सुरू करून निघून गेला.

परत येताना रिक्षात मला सगळं स्पष्ट दिसत होतं. तोडणी लांबवून ज्या कारखान्याने सभासदांच्या उसाला तुरा आणला, तोच कारखाना पन्नासाव्या वर्षी त्यांच्या हातात तुऱ्याचं नाणं ठेवणार होता. पुण्यात वाढलेल्या राजवर्धनला ते कळणं शक्य नव्हतं. मांडवातल्या प्रत्येकाला कळणार होतं. मला काही करायचं नव्हतं. फक्त काही बोलायचं नव्हतं, आणि ते मला आयुष्यभर जमत आलं होतं.

आबांचा विचार आला नाही असं नाही. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव होतं. पट्टी बांधलेल्या डोळ्याने त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला होता. मी त्यांना एका पारड्यात घातलं आणि कारकुनांसमोरच्या त्या वाक्याला दुसऱ्यात. पारडं कुठे झुकतंय ते मी फार वेळ पाहिलं नाही. फोन लावला.

"बरं आहे का, सर?" आबा माझ्याशी कधीकधी माझ्या भाषेत बोलायचा प्रयत्न करत.

"बरं आहे," मी म्हणालो.

समारंभ इंदापूरला होता, जानेवारीत. त्या साली टोळ्या आणखी उशिरा आल्या होत्या. बारामतीहून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना फड पांढरे झाले होते. मांडव भरलेला होता. मी मागच्या रांगेत, खांबाशेजारी बसलो. राजवर्धन रेशमी जाकीट घालून माइकवर होता. या नाण्यामागे त्याने किती विचार केला, मातीशी नातं कसं जपलं, असं बराच वेळ सांगत होता. सुधाचा उल्लेख नव्हता. तो असावा अशी थोडी आशा मला तेव्हाही होती. तो आला असता तर काय केलं असतं कोण जाणे.

पहिलं नाणं वरकुट्याच्या द्वारकाबाईंना दिलं. त्यांचे मालक कारखान्याच्या पहिल्या सभासदांपैकी. मालकांच्या मागे वीस एकर ऊस बाईंनी एकटीने सांभाळला आणि सभांमध्ये त्यांच्या तोंडाला संचालक टरकून असत. आबांनी डबी दिली, फोटो निघाला. बाईंनी तिथेच डबी उघडली. नाणं डोळ्यांपुढे धरलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं. मग राजवर्धनपुढचा माइक स्वतःकडे ओढला.

"आबा, टोळी कवा धाडताय म्हनून मी म्हैनाभर फोन करतीया. तुमी तर तुरा चांदीत घडवूनच दिला की. ह्यो ऊस आता तोडायचा का पुजायचा?"

मग मांडवभर डब्या उघडल्याचा आवाज आला, टक टक टक. पुढच्या रांगेत कुणीतरी फुटलं आणि हसू मागेपर्यंत आलं. माझ्या शेजारचा माणूस नाणं मांडीवर आपटत हसत होता. पण ते हसू टिकलं नाही. कुणी उठून म्हणालं की आमचं वाटोळं केलं आणि वर त्याचं पदक देताय. मागून कुणी ओरडलं, साखरंचा उतारा किती घसरला ते बी छापायचं हुतं. दादासो मान वळवून मुलाकडे पाहत होते. आबांनी नाणं बोटांनी चाचपलं. पट्टी निघाली होती, पण त्यांनी बोटांनीच चाचपलं, आणि त्यांना कळलं.

राजवर्धनचा चेहरा पाहण्यासाठी मी खांबाला धरून उभा राहिलो. तो पांढरा पडला होता. खोटं कशाला बोलू, आपल्या हातून इतकी सुबक गोष्ट कधी घडेल असं मला वाटलं नव्हतं.

मग त्याने माइक घेतला. "एक मिनिट. ओरिजिनल डिझाइन माझं नाही. आनंद सरांचं आहे. ते बघा, मागे उभे आहेत. आपण त्यांनाच विचारू."

इतके दिवस जे नाव द्यायला तो तयार नव्हता, ते त्याने भर मांडवात देऊन टाकलं, तुऱ्यासकट. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लोकांनी वाट करून दिली, म्हणजे जवळजवळ ढकललंच. मी मंचावर चढलो. माइक माझ्या तोंडापेक्षा उंच होता, तो द्वारकाबाईंनी वाकवून दिला.

मी म्हणालो, "मोळीवाली बाई माझ्या पत्नीने काढली. सुधा तिचं नाव. कऱ्हाटीची होती ती, तिने उसाला तुरा काढला नसता. तुरा राजवर्धननी लावला. मूळ चित्र त्यांनीच नेलंय, मागवून बघा."

कऱ्हाटीचं नाव ऐकून डाव्या बाजूने दोन-चार टाळ्या पडल्या. द्वारकाबाईंनी राजवर्धनकडे पाहून विचारलं, "काय रं, तुला तुरा आन् फूल येक वाटलं व्हय? बापाच्या फडात कदी गेलायस का?" मांडव पुन्हा हसला, आणि या वेळी ते हसू पूर्णपणे त्याचं होतं. त्याने जाकिटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. मंचाच्या मागच्या पायऱ्यांनी तो उतरला, आणि दादासोंनी त्याला थांबवलं नाही.

मी घरी आलो आणि सुधाच्या फोटोसमोर बसलो. मला वाईट वाटायला हवं होतं. पुस्तकांतली माणसं सूड घेतल्यावर पोकळ होतात. मी वाट पाहिली. पोकळ वाटलं नाही. भूक लागली. मी पिठलं करून खाल्लं आणि कित्येक महिन्यांनी पुस्तक उघडलं.

चार दिवसांनी आबा आले. एकटेच. खुर्चीत बसले, पाणी नको म्हणाले. हरवलेलं चित्र पुण्यात दोन दिवसांत सापडलं, त्यावर तुरा नाही, हे त्यांनी सांगितलं. वाटलेली नाणी परत मागवून वितळवायची आणि नवीन पाडायची असं ठरलं होतं. द्वारकाबाई आणि आणखी बरेच जण परत देत नव्हते. पुढच्या साली टोळी लांबली की हेच नाणं शेती अधिकाऱ्याच्या टेबलावर आणून ठेवू, असा त्यांचा निरोप होता. हे सांगताना आबा थोडं हसले. मग खुर्ची जवळ ओढली.

"सर, तुरा तुमाला दिसला न्हवता का?"

नाही म्हणणं सोपं होतं. भिंग जुनं आहे, मी शेतकरी नाही, कुणीही मान्य केलं असतं. चाचणीचं नाणं माझ्याकडे आलं होतं हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, डबीत काय आहे ते ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं.

"दिसला होता," मी म्हणालो.

"मंग?"

कार्यालयातलं ते वाक्य मी त्यांना सांगितलं, पहिल्यांदाच. चहाचंही सांगितलं. तुम्हाला कळवलं असतं तर तुरा निघाला असता, नाणं चांगलं झालं असतं, आणि नाव त्याचंच राहिलं असतं, असंही म्हणालो.

आबा म्हणाले, "तवा येऊन बोलला असता तर मी त्याला तितंच उभा केला असता."

"मला तसं वाटलं नाही."

"न्हाय, तुमाला इचारायचं सुचलंच न्हाय." ते उठले. "नव्या नाण्यावर सुधाताईंचं नाव यील. ते माझ्याकडं लागलं. ह्यातलं मी कुणाला सांगनार न्हाय, तुमी बी सांगू नका. पर ह्या डावाला चाचणी तुमच्याकडं येनार न्हाय."

मी मान हलवली. दारापर्यंत पोचवायला गेलो. एरवी ते पायरीवर थांबून पाऊसपाण्याचं बोलत. त्या दिवशी थांबले नाहीत.

मार्चमध्ये नवं नाणं आलं. मी सभासद नाही, तरी त्यांनी आठवणीने पाठवलं, पोस्टाने. मी ते खिडकीत नेलं. तुरा नव्हता. बाई मोकळ्या जागेखाली ताठ चालत होती. खाली, अगदी कडेला, लिहिलं होतं, चित्र सुधा. मी ते बोटाने वाचलं, भिंगाने वाचलं, परत बोटाने वाचलं.

मग चूक दिसली. अक्षरं कडेला फार चिकटून होती, आणि कडेपेक्षा किंचित उंच. कुठल्याही नाण्याची झीज तिथूनच सुरू होते. एक केसभर आत घेतली असती, जरा खाली दाबली असती, तर पुरे होतं. चाचणीचं नाणं माझ्या हातात आलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आणि या भागात चांदीचं नाणं कुणी कपाटात ठेवत नाही. ते देवघरात जातं. प्रत्येक सणाला बायका ते चिंचेने घासतील, राखेने घासतील, कोरड्या फडक्याने पुसतील. बाई टिकेल, कारखान्याचं नाव टिकेल, आबांचंही टिकेल. सुधाचं नाव सगळ्यांत आधी जाईल.

आबांना फोन करावा असं वाटलं. काय सांगणार होतो? नाणी वाटून झाली होती, आणि नमुन्याबद्दल बोलायचा माझा अधिकार मीच घालवला होता. मी फोन खाली ठेवला.

राजवर्धन आता इकडे येत नाही म्हणतात. हे कुणी सांगितलं की मला अजून बरं वाटतं, लपवत नाही. ती दुपार परत आली, डबी हातात, फोन वाजतोय, आबा विचारतायत, तर मी बहुतेक तेच उत्तर देईन. बहुतेक. सुधाच्या नावावर अंगठा ठेवला की इतकी खात्री राहत नाही, म्हणून मी त्यावर अंगठा ठेवत नाही. झीज त्यानेही होतेच.